कोयत्याच्या कमाईवरचे शिक्षण

लातूर व नांदेड ही मराठवाड्यातील शिक्षणाची प्रमुख केंद्रे असली, तरी तेथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या काटकसरी विद्यार्थ्यांपैकी काहींचे आईवडील दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, जळकोट अशा कोरडवाहू तालुक्यांतून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात स्थलांतर करतात. या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, आणि मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, तोडलेल्या टनांतून फेडावी लागते. साहजिकच मुलाच्या फीचा हिशेबही टनांतच होतो.

या काटकसरीचे खरे दर्शन डब्यात घडते. मेसचा खर्च टाळण्यासाठी गावी राहिलेली आजी ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा फडक्यात बांधून सकाळच्या एसटीने पाठवते, आणि विद्यार्थी बसस्थानकावर डबा उतरवून घेऊन त्याच गाडीने कालचा रिकामा डबा परत धाडतो. चटणी-ठेचा टिकाऊ असल्याने गाडी चुकली तरी निभते.

या स्थलांतराची तऱ्हाही वेगळी आहे: तुर्कस्तानशी झालेल्या १९६१च्या कामगार-भरती करारानंतर पश्चिम जर्मनीत गेलेल्या अनेक तुर्की कामगारांची मुले तेथेच वाढली. इथे मात्र स्थलांतर दरवर्षी नव्याने घडते आणि शिकणारा मागे राहतो. अशा मागे राहिलेल्यांपैकी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६-१७पासूनची ‘स्वाधार’ योजना भोजन-निवासासाठी रक्कम देते, परंतु ती हप्त्यांनी येते आणि खोलीभाडे दरमहा द्यावे लागते.