शब्बाथशाळा आणि मायबोली

ख्रिस्ती मंडळीत बालकाचे धर्मशिक्षण बहुधा शब्बाथशाळेत सुरू होते. इंग्लंडात ग्लॉस्टर येथे १७८० साली रॉबर्ट रेक्स यांनी कारखान्यांत राबणाऱ्या मुलांना रविवारी, म्हणजे सुटीच्या एकमेव दिवशी, वाचावयास शिकविण्यासाठी अशी शाळा काढली. पुढे मिशनऱ्यांबरोबर ही प्रथा महाराष्ट्रात आली. तिच्यासवे गीतेही आली. परंतु त्यांतील पुष्कळशी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून रचलेली. मूल ती पाठ म्हणे. घरी आजी जात्यावर जे गाई, त्याच्याशी मात्र त्यांचे नाते जुळत नसे.

ही उणीव रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखली. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंग, ओवी आणि कीर्तन यांचे रूप दिले. ख्रिस्तचरणी आपण तुकोबांच्या वाटेने आलो, असे ते मानीत. बालकाला सिद्धान्त उमगत नाही. पण चाल उमगते, आणि चालीबरोबर आलेला शब्द जन्मभर टिकतो. म्हणूनच भाषेचा हा प्रश्न शोभेचा नव्हता.

तरुणांच्या बाबतीत टिळकांचे घरच बोलके आहे. अहमदनगरास त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले. त्यांनी धर्मांतर केले नाही. तरीही लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त त्यांची आठवण मातेच्या ममतेने येते. तरुणांत काम करणाऱ्या मंडळींना हे उदाहरण मला प्रवचनमालेहून मोलाचे वाटते.

आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच नगरातून एखादे ख्रिस्ती कुटुंब नोकरीनिमित्त बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये जाऊन राहिले, तर हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. शेजार कन्नड, तमिळ, मल्याळम. शाळा इंग्रजी, म्हणून मुलांची उपासनाही इंग्रजी. मुलाला कळेल तीच भाषा बरी, असे आईवडील म्हणतील. आणि टिळकांचे म्हणणे तरी दुसरे काय होते? आक्षेप खोटा नाही. पण ज्या मुलाशी आजी अजून मराठीत बोलते, त्याला तिच्या प्रार्थनेतले शब्द परके का व्हावेत? रविवारची उपासना खुशाल इंग्रजीत असो. रात्री निजण्यापूर्वी टिळकांचा एक अभंग म्हणावयास दहा मिनिटेही लागत नाहीत.