दक्षिणेची खिडकी

बालमित्रांनो, घर घ्यायचे ठरले की आपल्याकडची वडीलधारी मंडळी आधी विचारतात, "दार कुठल्या दिशेला?" दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून दक्षिणेचे दार नको, असे पुष्कळ घरांत मानतात. दाराचे काय ते आजी-आजोबांनी ठरवावे. आम्हाला आज सांगायचे आहे ते खिडक्यांविषयी. बॉस्टनच्या परिसरात हिवाळ्यातली सर्वांत मोलाची दिशा दक्षिणच आहे.

असे का? पुणे सुमारे १८.५ उत्तर अक्षांशावर आहे, तर बॉस्टन ४२च्या थोडे वर. २१ डिसेंबरला माध्यान्ही पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. बॉस्टनमध्ये मात्र फक्त २४ अंश. तो इतका खाली असल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर शिरते. २१ जूनला तोच सूर्य बॉस्टनमध्ये ७१ अंशांवर चढतो.

आता खिडकीच्या अगदी वर २ फूट रुंदीचा छज्जा आहे असे समजा. जूनमध्ये माध्यान्ही त्याची सावली खिडकीवर जवळजवळ पावणेसहा फूट खाली उतरते. डिसेंबरमध्ये ती फूटभरसुद्धा येत नाही. म्हणजे एकच छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि हिवाळ्यात आत येऊ देतो. त्याला ना वीज लागते, ना तेल. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना हा उपाय फारसा लागू पडत नाही, कारण तिथे सूर्य खालूनच येतो.

ऊन आत आले तरी ते रात्रीपर्यंत टिकले पाहिजे. दगड, वीट, काँक्रीट आणि पाणी दिवसा तापतात व रात्री हळूहळू ऊब सोडतात. म्हणून उन्हाच्या वाटेत फरशी असेल, तर ती साठवणीचे काम करते. जाड गालिचा अंथरला की ही साठवण कमी होते. आणि सूर्य मावळला की जाड पडदे ओढायचे, नाहीतर आलेली ऊब त्याच काचेतून परत जाते.

ही साठवण आणखी चांगली करता येईल का, असा प्रश्न मारिया टेलकेश या बाईंना पडला. त्या मूळच्या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञ. १९४८ साली बॉस्टनजवळ डोव्हर या गावी त्यांनी वास्तुशिल्पकार एलिनॉर रेमंड यांच्याबरोबर एक घर उभारले. खर्च अमेलिया पीबॉडी यांनी केला. वरच्या मजल्याची दक्षिण बाजू काचेची, काचेमागे धातूचे पत्रे. तिथे तापलेली हवा पंख्यांनी पिंपांकडे न्यायची. पिंपांत ग्लॉबर सॉल्ट नावाचा क्षार होता. तो सुमारे ३२ अंश सेल्सिअसला वितळतो आणि वितळताना पुष्कळ उष्णता पोटात घेतो. पुन्हा गोठताना ती परत देतो. काही हिवाळे हे घर उन्हावर उबदार राहिले. पुढे क्षाराचे थर वेगळे होऊ लागले, पिंपे गंजली आणि शेवटी नेहमीची भट्टी बसवावी लागली. प्रयोग थांबला, पण वितळणाऱ्या पदार्थात ऊब साठवण्याची कल्पना टिकली. आजही तिच्यावर काम चालते.

उन्हाळ्यात उलटे काम, ऊब बाहेर घालवायची. गरम हवा हलकी असते, ती वर जाते. हे आपल्या वाडे बांधणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. १८०७ साली बांधलेल्या पुण्याच्या विश्रामबाग वाड्याला तीन चौक आहेत. अशा चौकातून दिवसा तापलेली हवा वर निघून जाते आणि रात्री थंड हवा खाली उतरते. इथल्या दुमजली घरात चौक नसला, तरी जिना असतो. रात्री बाहेर गारवा आला की खालची एक आणि वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडा. जिन्यातून हवा वर चढते व खालून थंड हवा आत येते. सकाळी बाहेर तापू लागण्याआधी खिडक्या बंद करून पडदे ओढा.

पालकांसाठी एक सूचना. या भागात घरच्या ऊर्जेतला सर्वांत मोठा वाटा घर गरम ठेवण्यावर जातो. म्हणून सूर्याची ऊब भरण्याआधी घागर फुटकी नाही ना, ते पाहावे. जोराचा वारा असलेल्या दिवशी, मोठ्यांच्या देखत, पेटलेली उदबत्ती बंद खिडक्या-दारांच्या कडेने फिरवा; पडद्यांपासून लांब धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक. तो वाकडा झाला, तर तिथे फट आहे. अशी फट बुजवायला फारसा खर्च येत नाही.

मुलांनो, तुमच्या घराची दक्षिण बाजू कोणती, तिथे किती खिडक्या आहेत आणि उदबत्तीचा धूर कुठे वाकला, ते वहीत लिहा. पुढच्या वर्गाला वही आणायला विसरू नका. सर्वांची उत्तरे आपण फळ्यावर मांडू.