युरोपातील कुलचिन्हांचे संग्रह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मध्ययुगीन युरोपात सरदारांच्या ढालींवर सिंह, गरुड, क्रूस, पट्टे अशी ठरावीक रंगांतली चिन्हे असत. ती एकत्र नोंदवलेले चर्मपत्राचे पट आणि ग्रंथ तेराव्या शतकापासूनचे मिळतात. त्यांच्याबद्दलचे चार गैरसमज आजही टिकून आहेत.

गैरसमज १ : हे सगळे चित्रसंग्रह आहेत.
वस्तुस्थिती : काहींत एकही चित्र नाही. 1300 साली इंग्रजांनी स्कॉटलंडमधील कार्लाव्हरॉक किल्ल्याला वेढा दिला. त्या वेळचा संग्रह म्हणजे फ्रेंच भाषेतले काव्य आहे. शंभराहून अधिक सरदारांच्या चिन्हांचे वर्णन त्यात शब्दांतच केले आहे.

गैरसमज २ : कुलचिन्हे फक्त राजे-सरदारांची.
वस्तुस्थिती : युद्धखर्चासाठी पैसा उभा करायला फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1696 मध्ये शुल्क आकारून चिन्हनोंदणी सुरू केली. लाखाहून अधिक नोंदी झाल्या. त्यांत व्यापारी, कारागीर आणि त्यांचे संघही होते. अनेकांना तर अधिकाऱ्यांनीच चिन्हे ठरवून दिली.

गैरसमज ३ : प्रत्येक आडनावाला स्वतःचे चिन्ह असते.
वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये चिन्ह व्यक्तीला बहाल होते आणि तिच्या वंशजांकडे जाते. हे काम 1484 मध्ये स्थापन झालेले लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स पाहते. नुसते आडनाव सारखे असल्याने हक्क मिळत नाही. स्कॉटलंडमध्ये तर दुसऱ्याचे चिन्ह आपले म्हणून मिरवणे गुन्हा ठरतो. तिथली अधिकृत नोंदवही 1672 च्या कायद्याने सुरू झाली.

गैरसमज ४ : जुन्या संग्रहात आहे, म्हणजे खरेच असणार.
वस्तुस्थिती : तेराव्या शतकातील इंग्लंडच्या ‘डेरिंग रोल’मध्ये 324 चिन्हे आहेत. सतराव्या शतकात त्याचा मालक सर एडवर्ड डेरिंग याने त्यातले एक नाव खरवडून काढले आणि तिथे स्वतःचा काल्पनिक पूर्वज घुसवला! हा पट आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. दंतकथेतल्या आर्थर राजालाही नंतरच्या चित्रकारांनी तीन मुकुटांचे चिन्ह देऊन टाकले. त्याचा काळ मानला जातो तेव्हा ही पद्धतच नव्हती. ती रूढ झाली बाराव्या शतकात.

हे संग्रह इतिहासाचे मोलाचे साधन आहेत, पण ते कोणी, कोणासाठी आणि कशासाठी केले हे आधी पाहावे लागते. ‘तुमच्या आडनावाचे कुलचिन्ह’ छापलेला कप दुकानात दिसला, तर शोभेची वस्तू म्हणून खुशाल घ्या. वंशाचा पुरावा मात्र सनद आणि वंशावळीतच शोधा.