समुद्रतळाची खळबळ

खोल समुद्राच्या तळाशी काळोख आणि कडाक्याची थंडी असते, तसंच तिथलं पाणीही कायमचं निश्चल असतं, असा समज आहे. त्यामागचा तर्क वरवर पाहता बिनतोड आहे. वाऱ्याने उठलेली लाट तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाते आणि विरते. शंभर मीटर लांबीच्या लाटेचा पन्नास मीटर खाली मागमूसही उरत नाही. मग पाच हजार मीटरवर काय हलणार? पण हा तर्क पाणी हलवणारी एकच शक्ती धरतो. चंद्र-सूर्याची ओढ पृष्ठभागापासून तळापर्यंतचं सगळं पाणी मागेपुढे सरकवते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत समुद्र गोठताना उरलेलं खारं, जड पाणी खाली बुडतं आणि तळालगत उत्तरेकडे वाहत राहतं. शिवाय पृष्ठभागावरच्या बलाढ्य प्रवाहांचे भोवरे आपला जोर थेट तळापर्यंत पोचवतात.

याचा ठसठशीत पुरावा कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ सुमारे ४,८०० मीटर खोलीवर मिळाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या 'हेबल' प्रयोगात तिथे प्रवाहमापक ठेवले गेले. कधी दिवसेंदिवस पाणी संथ असे. मग अचानक प्रवाह सेकंदाला २० सेंटिमीटरच्या वर जाई, कधी ४०पर्यंतही. तळाचा गाळ उठे, पाणी गढूळ होई आणि हे काही दिवस ते आठवडे टिके. शास्त्रज्ञ याला तळवादळ म्हणतात. आक्षेप असा, की ४० सेंटिमीटर म्हणजे ताशी दीड किलोमीटरही नाही. रमतगमत चालणारा माणूसही याहून वेगाने जातो. पण पाणी हवेपेक्षा आठशेपट जड आहे. प्रवाहाचा दाब घनता आणि वेगाचा वर्ग यांवर ठरतो, आणि तो हिशेब केला तर हा संथ वाटणारा प्रवाह ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याइतक्या जोराने कणांना रेटतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तळावर मऊ चिखलाचे जाड थर आहेत, मग खळबळ कशी? उत्तर असं, की चिखल शांत दिवसांत साचतो आणि वादळी दिवसांत पुन्हा उचलला जाऊन दुसरीकडे बसतो. खोल तळाच्या छायाचित्रांत गाळावर प्रवाहाने उमटवलेल्या वळ्या दिसतात, त्या याचमुळे.

मात्र तळ सगळीकडे सारखाच खवळलेला असतो, असं मानणंही चूकच. १९९०च्या दशकात ब्राझीलच्या पूर्वेकडच्या खोऱ्यात मोजमापं झाली, तेव्हा सपाट तळावर पाण्याच्या थरांचं एकमेकांत मिसळणं अगदी क्षीण आढळलं आणि अटलांटिकच्या मध्य पर्वतरांगेच्या खडबडीत उतारांवर कितीतरी पट तीव्र. भरतीचं पाणी या उंचवट्यांवरून जाताना आतल्या आत लाटा उठतात आणि फुटतात. खोल समुद्रात भरती-ओहोटीची सुमारे १० लाख मेगावॅट ऊर्जा अशी खर्च होते. २०२१ साली आयर्लंडजवळच्या समुद्रातल्या एका घळीत, तळालगत रंग सोडून पाहिला. तो उतारालगत दिवसाला शंभर मीटरहून जास्त वेगाने वर चढला. तळाशी बुडालेलं जड पाणी वर कसं येतं, याचं उत्तर अशा उतारांवर दडलेलं आहे. महासागर भरभर वर-खाली फिरत नसला, तरी त्याचं चक्र चालू राहतं ते यामुळे.

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. हिंदी महासागराच्या मध्यभागी ७५,००० चौरस किलोमीटर तळावरच्या मँगनीज गोळ्यांच्या शोधासाठी भारताने २००२ साली आंतरराष्ट्रीय करार केला. त्याआधी, १९९७ साली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथे पाच हजार मीटरहून खोल तळाचा गाळ मुद्दाम ढवळून परिणाम तपासले होते. उद्या खाणकामात उडणारा गाळ किती लांब जाईल, हे तळाचा प्रवाहच ठरवणार. चार-आठ दिवस मोजून 'इथे पाणी शांत आहे' असा अहवाल देता येणार नाही. त्या दिवसांत वादळ आलं नाही, एवढंच त्यातून कळतं. म्हणून प्रवाहमापक किमान काही वर्षं तळाशी ठेवूनच परवानगीचा विचार व्हायला हवा.