मिगमध्ये नोकरी

आमच्या नाशिककडे कुणी ‘मिगमध्ये आहे’ म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. ओझरच्या त्या विमान कारखान्यात मी फिटर होतो. आता लेकीकडे चंदीगडला, सेक्टर 39मध्ये राहतो. शेजारचे सरदारजी हवाई दलातून निवृत्त झालेले. मिग-21 चंदीगडचं, असं ते म्हणतात. मी ओझरचं म्हणतो. त्यांचंही खोटं नाही. 1963 साली हवाई दलाची पहिली मिग-21 तुकडी इथेच उभी राहिली आणि 26 सप्टेंबर 2025ला या विमानाला निरोपही इथेच दिला गेला. पण हवाई दलाच्या साडेआठशेहून जास्त मिग-21पैकी 657 बांधली हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, म्हणजे आमच्या एचएएलने. एवढं सांगितलं की सरदारजी चहा मागवतात.

एचएएलचं घर बंगळुरू, पण तिचं मूळ शोधायला सोलापूरला जावं लागतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांची 1939 साली प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमानव्यावसायिकाशी गाठ पडली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं, आणि 23 डिसेंबर 1940ला कंपनी नोंदली गेली. युद्ध भडकलं तसं 1942मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला.

दुसरं नाव घाटगे. विष्णु माधव घाटगे कोल्हापूरकडचे; जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांनी आखलेलं एचटी-2 हे शिकाऊ वैमानिकांचं विमान 1951च्या ऑगस्टमध्ये उडालं. स्वातंत्र्याला जेमतेम चार वर्षं झाली होती आणि आराखडा संपूर्ण आपला होता! माझ्या मते एचएएलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस तोच, मिगचा नव्हे. मिगमध्ये उभं आयुष्य घालवून सांगतोय.

ओझर आलं चीनच्या युद्धानंतर. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध गेले. मिगचं काम तीन गावांत वाटलं गेलं: सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. त्यासाठी काढलेली वेगळी कंपनी 1 ऑक्टोबर 1964ला बंगळुरूच्या कंपनीत विलीन झाली आणि आजची एचएएल तयार झाली.

काम कसं चाले? जिगमध्ये फ्रेम बसवायच्या, पत्रा चढवायचा, भोकं पाडायची, रिव्हेट मारायचे. एक माणूस गन धरणार, दुसरा आतून लोखंडी ठोकळा लावून उभा. रिव्हेट जरा तिरका बसला की इन्स्पेक्टर खडूने गोल काढून जायचा. मग तो रिव्हेट काढून पुन्हा मारायचा. त्यामुळे वर्तमानपत्रात ‘उडती शवपेटी’ छापून आलं की जिव्हारी लागायचं. अपघात झाले, तरुण मुलं गेली, हे कसं नाकारू? पण हे विमान ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने धावपट्टीवर टेकतं, आणि त्याआधी हात बसवायला हॉकसारखं प्रगत शिकाऊ जेट आपल्याकडे 2008पर्यंत नव्हतं. बदली विमान वेळेत आलं नाही म्हणून म्हाताऱ्या मिगलाच उडवत राहिलो.

दोष द्यायचाच तर इथे द्या. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली आपण मारुत हे लढाऊ जेट बांधलं, 1961मध्ये उडवलं. पण त्याला जोरकस इंजिन मिळवून दिलं नाही. रशियाचे नकाशे हातात होते, तेवढ्यावर भागत होतं. मिग-21नंतर मिग-27, मग सुखोई. बांधायला शिकलो, आखायचं विसरत गेलो. तेजस 2001मध्ये उडालं आणि ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडायला 17 ऑक्टोबर 2025 उजाडला. त्याचंही इंजिन अमेरिकेचंच.

बंगळुरूला गेलात तर एचएएलचं संग्रहालय बघा. पोरं मिगकडेच पळतील, पळू द्या. पण आधी त्यांना एचटी-2 आणि मारुतसमोर उभं करा आणि घाटग्यांचं नाव सांगा.