घड्याळ सगळ्यांसाठी सारखेच चालते काय?

अमेरिकेत शनिवार हा महाविद्यालयीन फुटबॉलचा दिवस. हे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात ते नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून, एकमेकांना धडका देत खेळायचा तो खेळ आहे. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या शहराची वस्ती लाखभर, पण तिथल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या मैदानावर पाऊण लाखाहून अधिक माणसे बसतात. संघ जिंकला तर आठवडा सुखाचा जातो. हरला, पुन्हा हरला, की रविवारपासून घरोघरी, दुकानोदुकानी एकच वाद सुरू होतो. मुख्य प्रशिक्षकाला ठेवायचे की हाकलायचे?

हा वाद वरवर साधा वाटतो. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. एवढा पैसा घेणाऱ्याने सामने जिंकावेत ही अपेक्षा चूक नाही. न जिंकणाऱ्याने जावे हेही चूक नाही. आमचे वाचक विचारतील, मग तुम्हाला त्यात काय दिसले? आम्हाला त्यात मोजपट्टी दिसली. एकच मोजपट्टी एकाला आखूड आणि दुसऱ्याला लांब कशी होते, हे आम्ही या देशात पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. म्हणून सातासमुद्रापलीकडची ही मोजपट्टीही आमच्या ओळखीची निघाली.

नोत्र दामचेच उदाहरण घेऊ. २००१ च्या डिसेंबरमध्ये या विद्यापीठाने जॉर्ज ओलिअरी यांना प्रशिक्षक नेमले. त्यांनी आपल्या माहितीपत्रात खोट्या गोष्टी लिहिल्याचे उघड झाले आणि पाच दिवसांत त्यांना जावे लागले. मग टायरोन विलिंगहॅम यांना बोलावण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठात सात हंगाम मुख्य प्रशिक्षक राहिलेले, मानाच्या रोझ बोल सामन्यापर्यंत संघ नेलेले हे गृहस्थ. नोत्र दामच्या इतिहासात कोणत्याही खेळाचा मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. २००२ मध्ये त्यांनी पहिले आठही सामने जिंकले. हंगामाअखेर हिशेब झाला १० विजय, ३ पराभव. पुढच्या वर्षी ५ विजय, ७ पराभव. २००४ मध्ये ६ विजय, ५ पराभव. ३० नोव्हेंबर २००४ रोजी त्यांना काढून टाकण्यात आले. करार सहा वर्षांचा होता. तीनच वर्षे मिळाली.

आता आकडे शेजारी शेजारी मांडू. विलिंगहॅम यांचे एकूण २१ विजय, १५ पराभव. त्यांच्या आधी पाच हंगाम काढणारे बॉब डेव्ही यांचे ३५ विजय, २५ पराभव. शाळेतला पोरगाही भागाकार करून सांगेल की दोघांची टक्केवारी एकच आहे, शंभरात अठ्ठावन्नच्या थोडी वर. त्याआधी १९८० च्या दशकात जेरी फाउस्ट यांचे ३० विजय, २६ पराभव आणि एक बरोबरी. त्यांनाही पाच हंगाम पूर्ण करू दिले होते. म्हणजे या विद्यापीठाची रीत पाच वर्षांची होती. ती रीत नेमकी कुणाच्या वेळी मोडली? पहिल्या काळ्या प्रशिक्षकाच्या वेळी.

विलिंगहॅम यांच्या जागी चार्ली वाइस आले. महाविद्यालयीन किंवा व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी त्याआधी कधी सांभाळले नव्हते. २००५ च्या पहिल्याच हंगामात सात सामने झाले, पाच जिंकले, दोन हरले, तोच विद्यापीठाने त्यांना दहा वर्षांची मुदतवाढ देऊन टाकली. पहिले आठही जिंकणाऱ्याला मूळ करार पुरा करू दिला नाही, आणि सातांतले पाच जिंकणाऱ्याला दहा वर्षे! २००७ मध्ये वाइस यांच्या संघाने ९ सामने गमावले, ३ जिंकले. नेव्हीच्या संघाकडून नोत्र दाम १९६३ नंतर कधी हरले नव्हते, ते त्या वर्षी हरले. तरीही वाइस यांना आणखी दोन वर्षे मिळाली. २००९ च्या अखेरीस गेले तेव्हा खाती ३५ विजय आणि २७ पराभव, म्हणजे टक्केवारी विलिंगहॅम यांच्याहून कमी. जाताना कराराची उरलेली रक्कम म्हणून विद्यापीठाला त्यांना पुढे कित्येक वर्षे पैसे मोजत बसावे लागले, सारे मिळून सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर.

या काळातला प्रेक्षकांचा वाद तर मुळातून पाहण्यासारखा आहे. वाइस २००५ आणि २००६ मध्ये जिंकत होते तेव्हा मैदानावर खेळणारी मुले बहुतांश विलिंगहॅम यांनी निवडलेली होती. ब्रेडी क्विन हा गाजलेला खेळाडू त्यांच्याच काळात आला होता. श्रेय मात्र नव्या प्रशिक्षकाच्या बुद्धीला गेले. २००७ मध्ये हार झाली तेव्हा तेच लोक म्हणू लागले की आधीच्याने मुलेच नीट गोळा केली नव्हती, त्याला हा बिचारा काय करणार? जिंकले की श्रेय नव्याचे, हरले की दोष जुन्याचा. हा युक्तिवाद आमच्या वाचकांना नवा वाटणार नाही.

दुसरी बाजू लपवणे हा आमचा धर्म नव्हे. विलिंगहॅम यांचा संघ दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून तिन्ही वर्षे प्रत्येकी ३१ गुणांनी हरला. त्यांना काढले तेव्हा युटा विद्यापीठाचे अर्बन मायर हे नाव गाजत होते आणि नोत्र दामला ते हवे होते. मायर मात्र फ्लोरिडाला गेले. पुढे विलिंगहॅम वॉशिंग्टन विद्यापीठात गेले तिथे तर २००८ मध्ये बारापैकी बाराही सामने हरले. म्हणून ते महान प्रशिक्षक होते आणि केवळ रंगापायी गेले, असे आम्ही म्हणणार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की अपयश सारखे असताना मुदत सारखी का नाही? नोत्र दामचे तेव्हाचे अध्यक्ष फादर एडवर्ड मलॉय यांनीच या हकालपट्टीची आपल्याला लाज वाटली असे जाहीरपणे सांगितले होते. आतल्याच माणसाला लाज वाटली, तिथे आम्ही बाहेरच्यांनी वेगळा पुरावा काय द्यावा?

त्या वेळी अव्वल गटात ११७ विद्यापीठे खेळत होती. २००४ चा हंगाम संपता संपता त्यांत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक उरले फक्त दोन. मैदानावर धडका खाणारी, गुडघे मोडून घेणारी मुले मात्र जवळपास निम्मी काळी. घाम गाळायला निम्मे आणि हुकूम द्यायला दोन! याला कोणी योगायोग म्हणत असेल तर त्याने आपल्याकडच्या सफाई खात्याची यादी आणि सचिवालयाची यादी एकदा शेजारी ठेवून वाचावी.

एक उदाहरण आणखी. जीन चिझिक यांनी आयोवा स्टेट विद्यापीठात दोन वर्षांत ५ सामने जिंकले आणि १९ हरले. २००८ च्या डिसेंबरमध्ये त्यांना ऑबर्न या कितीतरी मोठ्या विद्यापीठाने बोलावून घेतले. त्याच जागेसाठी टर्नर गिल या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाची मुलाखत झाली होती. बफेलो विद्यापीठाचा पडलेला संघ गिल यांनी त्याच वर्षी आपल्या गटाचा विजेता केला होता. तरी नेमणूक चिझिक यांची. पुढे गिल कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथे दोन वर्षांत त्यांचाही हिशेब झाला ५ विजय, १९ पराभव. नेमका तोच आकडा! चिझिक यांना त्या आकड्यावर बढती मिळाली, गिल यांना त्याच आकड्यावर डच्चू. आणि कॅन्ससमध्ये गिल यांच्या जागी कोण आले? तेच चार्ली वाइस. त्यांनी ६ सामने जिंकले, २२ हरले आणि २०१४ मध्ये तेही गेले.

कोणी म्हणेल, चिझिक यांनी २०१० मध्ये ऑबर्नला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, म्हणजे निवड बरोबरच होती. आम्ही म्हणतो, तेच तर आमचे म्हणणे आहे. ५ आणि १९ च्या माणसातही गुण असू शकतात हे त्या विजेतेपदाने सिद्ध झाले. पण गुण दिसायला संधी लागते, वेळ लागतो. तो वेळ कुणावर विश्वासाने सोडायचा आणि कुणाला दोन वर्षांत दाराबाहेर करायचे, हे ठरवणारा कोण? मेरिट मेरिट म्हणून जे ओरडतात त्यांनी याचे उत्तर द्यावे.

ठरवणारे कोण ते सांगतो. प्रेक्षक ओरडतात, पण निर्णय घेतात विश्वस्त आणि बडे देणगीदार. टेक्सस विद्यापीठाने २०१४ मध्ये चार्ली स्ट्राँग या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाला नेमले, तेव्हा रेड मॅककोम्ब्स या धनाढ्य देणगीदाराने जाहीर नाराजी व्यक्त केली. हा माणूस हाताखालचा प्रशिक्षक म्हणून उत्तम होईल, पण ही जागा त्याची नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. नंतर त्यांनी माफी मागितली. स्ट्राँग यांचा एकही सामना व्हायच्या आधी हे झाले हे विसरू नये. तीन वर्षांत १६ विजय आणि २१ पराभव, आणि २०१६ मध्ये स्ट्राँग गेले. ते हरले हे खरे. पण पहिल्या दिवसापासून पायाखालची माती उकरली जात असताना उभे राहणे काय असते, ते राखीव जागेवरून खुर्चीवर बसलेल्या आमच्या प्रत्येक अधिकाऱ्याला विचारा.

आमच्याकडे पळवणकर बाळू होऊन गेले. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सवर्णांचा क्लब सामने जिंकत असे आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळत असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाचे कप्तानपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल कप्तान झाले, तेही भांडून, वादातून. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, ते शल्य वेगळे. त्याने मैदानावरचा अन्याय खोटा ठरत नाही. बळी घ्यायला चालतो, कप्तान व्हायला चालत नाही. टेक्ससचा देणगीदार आणि तेव्हाच्या मुंबईतली निवड समिती यांची भाषा वेगळी होती, म्हणणे एकच.

पण इथेच थांबलो तर आम्ही स्वतःला फसवू. आपला माणूस खुर्चीवर बसला की आपण काय करतो? सहा महिन्यांत समाजासाठी काय केले म्हणून जाब विचारतो. त्याच्या हाताखालची माणसे त्याची नसतात, फाइल अडवणारे दुसरे असतात, हे ठाऊक असूनही त्याला वेळ देत नाही. तो पडला की विरोधक म्हणतात, बघा, यांची लायकीच नाही. आणि आपलेही काही त्यात सूर मिसळतात. याउलट चळवळीतल्या पुढाऱ्यांची गोष्ट. निवडणुकीमागून निवडणूक हरली, गट फुटले, अनामत गेली, तरी त्यांना कोणी मुदत विचारत नाही. कामाच्या माणसाला घाई आणि पुढाऱ्याला आयुष्यभराची सवलत, ही मोजपट्टीही वाकडीच आहे.

लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंग या काळ्यांच्या विद्यापीठात एडी रॉबिन्सन १९४१ ते १९९७ प्रशिक्षक होते. ४०८ विजय मिळवणारा हा माणूस. अखेरच्या काही वर्षांत संघ सारखा हरू लागला आणि त्यांनी जावे की राहावे यावर त्यांच्याच समाजात वाद पेटला. १९९६ मध्ये त्यांना थांबवायचे ठरत होते, पण लोकांच्या आग्रहाने त्यांना आणखी एक हंगाम मिळाला. तो हंगामही पराभवाचाच गेला. त्या माणसाविषयीची कृतज्ञता आम्हाला समजते. पण कृतज्ञता आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकारणातली व्यक्तिपूजा हा अधोगतीचा मार्ग आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो इशारा परक्यांसाठी नव्हता.

आता पुन्हा नोत्र दामकडे येऊ. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्याच विद्यापीठाने मार्कस फ्रीमन यांना मुख्य प्रशिक्षक केले. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, आई कोरियन. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मार्शल या लहान विद्यापीठाने त्यांना घरच्या मैदानावर हरवले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयने पुन्हा घरच्याच मैदानावर १६-१४ असे हरवले. हा माणूस झेपणारा नाही, असा तोच जुना ओरडा उठला. पण या वेळी विद्यापीठ हलले नाही. त्यानंतर संघाने ओळीने तेरा सामने जिंकले. २० जानेवारी २०२५ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुटीदिवशी, फ्रीमन राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात संघ घेऊन उतरले. तिथवर पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. तो सामना ते ओहायो स्टेटकडून ३४-२३ असा हरले. हरल्यावर कोणी त्यांना हाकलले नाही.

विलिंगहॅम यांना चौथे, पाचवे वर्ष मिळाले असते तर काय झाले असते? कदाचित ते आणखी हरले असते आणि रीतसर गेले असते. त्याला आमची हरकत नसती. आम्ही दया मागत नाही, सूट मागत नाही. परीक्षेला बसलेल्या सगळ्यांच्या भिंतीवर घड्याळ एकच असावे आणि ते सगळ्यांसाठी सारखेच चालावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते घड्याळ आधी आपल्या घरात लावू, मग दुसऱ्याच्या भिंतीवरचे तपासायला जाऊ.