लंबकाची साक्ष

पदार्थविज्ञानाचा प्रयोग म्हटला कीं, आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहील. लंबक हालवावयाचा, झोके मोजावयाचे, आणि गुरुत्वाकर्षणाचें उत्तर ९८० च्या आसपास न आल्यास तें हळूच 'आणावयाचें'! विद्यार्थिदशेंत हा उद्योग आम्हींही केला आहे. आणि त्या वहीवर सहीही मिळविली आहे.

अमेरिकेंत 'लिबरल आर्ट्‌स' म्हणून ओळखलीं जाणारीं, सर्वांगीण शिक्षण देणारीं लहान विद्यालयें आहेत. मोठ्या विश्वविद्यालयांत प्रयोगाचे तास बहुधा पदव्युत्तर विद्यार्थी घेतात. येथें ते नसल्यामुळें प्राध्यापक स्वतःच प्रत्येक टेबलापाशीं उभा असतो. त्याच्यापुढील पुष्कळ मुलें मात्र साहित्य, इतिहास वा वैद्यक यांकडे वळणारीं. पुढें जन्मांत लंबकास हात न लावणाऱ्या या मुलांस प्रयोगशाळेनें काय द्यावें?

व्याख्यानांत ऐकलेला सिद्धांत हातानें पडताळल्यास मनांत ठसतो, हें जुनें उत्तर. परंतु विदुषी होम्स व नोबेल पारितोषिकाचे मानकरी वाइमन यांनीं तीन संस्थांतील नऊ अभ्यासक्रम तपासून २०१८ सालीं दाखविलें कीं, अशा सिद्धांतांवरील परीक्षेच्या प्रश्नांत प्रयोग केलेल्या व न केलेल्या मुलांत मोजतां येण्याजोगा फरक दिसत नाहीं.

मग करावें काय? उत्तर त्याच लंबकापाशीं आहे. पुस्तक सांगतें, झोका लहान असो वा मोठा, वेळ तोच. एक मीटर लांबीचा लंबक एकदां १० अंशांवरून व एकदां २० अंशांवरून सोडला, तर एका पूर्ण झोक्यास दोन्ही वेळां सुमारें दोन सेकंद लागतात. खरा फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहून किंचित् अधिक. घड्याळाची कळ दाबतांना बोटाची चूकच याच्या दसपट होते. म्हणून 'पुस्तक खरें' असें लिहून मुलें मोकळीं होतात! पण एकदम ५० झोके मोजले, तर फरक सुमारें अर्ध्या सेकंदापर्यंत सांचतो. बोटाची चूक मात्र होती तेवढीच राहते. तेव्हां कळतें कीं, पुस्तकांतील नियम लहान झोक्यांपुरताच आहे.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विश्वविद्यालयांत मुलांस असेंच, मापनें ताडून पाहून व रीत सुधारून, प्रयोग पुन्हां करावयास लावलें. सूचना थांबविल्यावरही तीं मुलें आपण होऊन रीत सुधारण्यांत इतरांच्या बारापट पुढें राहिलीं, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें.

अशा शिक्षणास गुरूची नजर वहीच्या शेवटच्या आंकड्यावर नव्हे, तर मधल्या खाडाखोडीवर हवी. वीसपंचवीस मुलांच्या वर्गांत तें साधतें. लहान विद्यालयाचें खरें भाग्य हेंच. 'चुकीचें' मापन दिसतांच मूल गुरूच्या मुखाकडे पाहतें. त्या क्षणीं तेथें कपाळावर आंठी दिसली, तर तें शास्त्र नव्हे, लबाडी शिकतें.

आमच्या वाचकांस याकरितां परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. खुंटीस दोरा बांधून त्यास जड कुलूप अडकवावें. आजोबांनीं झोके मोजावे, नातवंडांनीं घड्याळ पाहावें. आणि मुलानें प्रयोगवही घरीं आणली म्हणजे 'उत्तर बरोबर आलें का रे?' असें न विचारतां, 'तुझ्या उत्तरावर तुझा भरंवसा किती, आणि कां?' एवढेंच विचारावें.